बाहुली बोलते तेव्हा

(बालवाडी आणि किशोरी गटांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या शिबिरात बाहुल्यांच्या गोष्टी कशाला, असं काहीजणींना वाटत असेल. ‘आम्ही बाहुल्या नाही’ असं चळवळीत आपण कितीदा म्हटलं आहे. इब्सेनचं १८७९ सालचं नोराचं नाटक, त्याचंही नाव ‘बाहुलीघर’. आपल्याकडे मुलीच्या हाती आधी ठकी येते, मग भातुकली, मग बाहुला-बाहुलीचं लग्न. म्हणजे संसाराची रंगीत तालीमच. ही टीका खरी आहे, ती सोडायचं कारण नाही. पण काही लेखिकांनी याच बाहुलीला बोलतं केलं आणि तिच्याकडून निराळंच काही वदवून घेतलं.

रुमर गॉडन ही इंग्रज लेखिका १९०७ साली जन्मली. तिचं बरंचसं लहानपण आज बांगलादेशात असलेल्या नारायणगंजला गेलं. तिच्या गोष्टींतल्या बाहुल्या आपसात बोलतात, पण माणसांना ते ऐकू येत नाही. त्यांना आपणहून काही करता येत नाही, फक्त मनापासून इच्छा करता येते. कुठं ठेवायचं, कोणाला द्यायचं, हे दुसरेच ठरवतात. ही अवस्था फक्त बाहुल्यांच्याच वाट्याला येते का, हे इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

तिच्या १९५४ सालच्या ‘इम्प्युनिटी जेन’मध्ये खिशात मावेल एवढी बाहुली आहे. तिला जग पाहायचं असतं. पण एकाच घरातल्या चार मुलींच्या हाती ती एकीमागून एक येते आणि बाहुलीघरात मण्यांच्या उशीवर बसून राहते. शेवटी सात वर्षांचा गिडियन तिला खिशात घालून बाहेर नेतो. इतर मुलगे हसतील या धास्तीनं तो तिला बाहुली न म्हणता ‘मॉडेल’ म्हणतो! जेनला घराबाहेरचं जग मिळतं, आणि गिडियनला एक जिवाभावाची सोबत. मुलीला घरात आणि मुलाला मर्दानगीत कोंडणारी कुलपं एकाच कारखान्यातली, हे सांगायला यापेक्षा सोपी गोष्ट मला सापडलेली नाही. म्हणून ती मुलग्यांनाही सांगा.

१९६१ सालच्या ‘मिस हॅपिनेस अँड मिस फ्लॉवर’मधली आठ वर्षांची नोना कोइमतूरहून इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवली जाते. ती एकटी पडते, रडते. मग घरी पार्सलमधून दोन जपानी बाहुल्या येतात. त्याही परक्या घरात बावरलेल्या. त्यांचं दुःख नोनाला कळतं, कारण ते तिचंच असतं. त्यांच्यासाठी जपानी घर करायचं ती ठरवते. त्यासाठी पुस्तकाच्या दुकानात जावं लागतं, मामे-चुलत भावंडांपैकी टॉमची मदत मागावी लागते, शाळेत मैत्रीण होते. बाहुल्या जादू करत नाहीत. त्यांच्या निमित्तानं नोना माणसांपर्यंत पोचते.

आपल्या कामाशी याचा थेट संबंध आहे. ‘मला भीती वाटते’ हे मुलाला म्हणता येत नाही. ‘बाहुलीला भीती वाटते’ हे म्हणता येतं. म्हणून गोष्ट सांगून झाली की ‘तात्पर्य काय?’ असं विचारू नका. ‘बाहुलीला आता काय हवं असेल?’ असं विचारा आणि गप्प बसा. मूल थांबलं तर ‘मग?’ एवढंच म्हणा. आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नका. खेळ म्हणजे पुरावा नव्हे. बाहुलीला मारलं म्हणजे घरी मारहाण होते, असा निष्कर्ष लगेच काढू नका.

पण कधी बाहुली बाजूला राहते आणि मूल स्वतःबद्दल सांगू लागतं. अशा वेळी ‘कोणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. ते आपल्याला पाळता येणार नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं असा गुन्हा कळला तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. ‘तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला काहीजणांना सांगावं लागेल, पण मी तुझ्याबरोबर राहीन,’ असं म्हणा आणि तसं राहा. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांक भिंतीवर लावा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. हे आपल्याला पाठ हवं, कारण घाबरलेल्या आईला ते माहीत नसतं.

गॉडनच्या बाहुल्यांचं म्हणणं माणसांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना इच्छा करत बसावं लागतं. आपल्या वस्त्यांतल्या मुलांवर ही वेळ येऊ नये. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक गटात आठवड्यातून एक तास गोष्टीसाठी ठेवा. बाहुली चिंध्यांची असली तरी चालेल. ऐकणारी बाई मात्र दर आठवड्याला तीच हवी.