चोर घरातला असतो तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो, वयाच्या 45 व्या वर्षी मी सहकारी बँकेतली नोकरी सोडून सायबर सुरक्षेच्या कामात शिरले. "या वयात?" हा प्रश्न घरी, क्लासमध्ये आणि मुलाखतीत, तिन्हीकडे ऐकला. मुलाखतीत आणखी एक होता : "रात्रपाळीला घरचे पाठवतील का?" माझ्याआधीच्या तरुणाला तो विचारला नव्हता, हे त्यानेच बाहेर सांगितलं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्रीच्या कामासाठी बाईची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. घरच्यांची संमती त्यात कुठेही नाही. हे मी तिथल्या तिथे सांगितलं. ती नोकरी मिळाली नाही. दुसरीकडे मिळाली, बँकेपेक्षा कमी पगारावर.

काम म्हणजे काय, तर कंपनीच्या संगणकांत कोण, कुठून, किती वाजता शिरलं याच्या नोंदी सतत उमटत असतात. त्यांना लॉग म्हणतात. त्यातली न पटणारी ओळ हेरायची. पुण्यातल्या कर्मचाऱ्याच्या नावाने पहाटे तीनला परदेशातून कुणी आत आलं, ते का? कॅशबुक आणि लेजर जुळवण्यात 20 वर्षं घालवलेल्या, दीड रुपयाचा फरक सापडल्याशिवाय न उठणाऱ्या बाईला हे काम परकं वाटत नाही. नेटवर्क, लिनक्स मात्र मुळापासून शिकावं लागलं. पहाटे, स्वयंपाकाच्या आधी.

पण मला बोलायचंय ते याच्या पुढचं. या विद्येत चोर बहुतेक वेळा बाहेरचा धरलेला असतो. पासवर्ड अवघड ठेवा, ओटीपी कुणाला सांगू नका, वगैरे. आता आपल्या केंद्रात येणारी बाई डोळ्यांसमोर आणा. तिची जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, पहिली शाळा, ही सगळी 'गुप्त' उत्तरं नवऱ्याला पाठ. फोन त्यानेच आणलेला, सिम त्याच्या नावावर. ती झोपली की तिचा अंगठा फोनला लावता येतो. तिचं व्हॉट्सअ‍ॅप एकदा त्याच्या लॅपटॉपला जोडलं, की तुम्ही तिला पाठवलेला निरोप तो वाचतो. चोर घरातला असतो, हे 1983 साली कलम 498अ आलं त्याच्याही आधीपासून बायकांच्या चळवळीला ठाऊक आहे. आमच्या धंद्यात ते सांगणाऱ्या बायका हव्यात, आणि हे शहाणपण चाळिशी पार केलेलीकडेच जास्त असतं. म्हणून 'आता कुठे शिकू' म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे जरूर या.

बाईच्या इंटरनेटवर, ईमेलवर पाळत ठेवणं हा 2013 पासून गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेचं कलम 78. पण तक्रारीला पुरावा लागतो. म्हणून अशी बाई आली, की तिचा फोन लगेच 'साफ' करायला घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा आणि त्या पडद्याचा फोटो दुसऱ्या फोनने काढा, तारीख-वेळ दिसेल असा. जोडणी तोडली की त्याच्या लॅपटॉपवरचं बंद पडतं आणि त्याला कळतं. तेव्हा तोडण्याआधी, त्या रात्री ती कुठे राहणार हे तिच्याशी बोलून ठरवा. आणि हे बोलणं तिच्या फोनवर नको, समोर बसून करा.