कडेला सोडलेली जागा

आज स्थापत्य अभियंते झालेल्या विद्यार्थिनींनो, विद्यार्थ्यांनो,

पदवीच्या दिवशी आपल्याकडच्या जुन्या शहाणपणातलं काय सांगावं, याचा विचार करताना मला समर्थ रामदासांच्या दासबोधाचा दुसरा दशक आठवला. त्याचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. तो पुष्कळांनी निदान ऐकलेला असतो. त्याच दशकाचा शेवटचा, दहावा समास मात्र फारसा कुणी काढून वाचत नाही. तो पढतमूर्खाचा आहे. पहिल्या समासातला मूर्ख अजून शिकलेला नाही, तेव्हा तो सुधारेल अशी आशा असते. दहाव्यातला सगळं शिकून बसला आहे. समर्थांना त्याची काळजी जास्त वाटते, आणि या सभागृहात बसलेल्या आपणा सगळ्यांना ती यादी लागू होऊ शकते.

काय आहे त्या यादीत? ग्रंथ मुळापासून न वाचता त्याला नावं ठेवणारा. कुणाचा गुण सांगितला तरी त्यात खोट काढणारा. वैभव दिसलं की वाखाणणी सुरू करणारा. आलेला राग ज्याला आवरत नाही असा. बोलतो एक आणि करतो दुसरं असा. यातलं एकही लक्षण बुद्धी कमी असल्याचं नाही. ज्ञानाबद्दल तर समर्थांनी या माणसाला पुरे गुण दिले आहेत. त्यांनी बोट ठेवलंय ते त्याच्या वागण्यावर.

हा माणूस मला बांधकामावर भेटतो. तुम्हालाही भेटेल, कदाचित पहिल्याच महिन्यात. स्लॅबची तयारी चालू असते, उद्या सकाळी काँक्रीट यायचं असतं. सळई बांधणारा फिटर, ज्याचं अर्धं आयुष्य या कामात गेलं आहे, तो तुमच्याजवळ येऊन म्हणतो, "साहेब, या कॉलमच्या डोक्यावर लोखंड एवढं दाटलंय की खडी खाली उतरणार नाही. मधे पोकळी राहील." तुमच्या हातात ड्रॉइंग असतं. सॉफ्टवेअरने काढलेलं, तपासलेलं, सही झालेलं. हिशेबाने ते बरोबरही असतं. अशा वेळी "तू बांध, मी बघतो" हे वाक्य जिभेच्या टोकावरच असतं. तसं न म्हणता वाकून, त्या सळयांच्या मधे बोटं घालून पाहणं आणि डिझाइन करणाऱ्याला फोन लावणं, याला पाच मिनिटं लागतात आणि थोडी मान खाली घालावी लागते. तुमच्या गुणपत्रिकेत या पाच मिनिटांना गुण नव्हते. कामात मात्र बहुतेक वेळा सगळं त्यांच्यावरच ठरतं.

जुनं सगळंच शहाणपण डोक्यावर घ्या, असं मी सांगणार नाही. त्याच मूर्खलक्षणांत कुळ न पाहता मुलगी करणारा मूर्ख ठरवला आहे, आणि बायकोशी मनातलं बोलणाराही. या दोन्ही गोष्टी मला मान्य नाहीत, आणि तुम्हीही मान्य करू नयेत. हे म्हणण्याची मुभा आपल्याला परंपरेनेच दिली आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या पुरी झालेल्या शिष्याला निरोप देताना आचार्यांनी केलेला उपदेश आहे. दीक्षान्त समारंभांत त्याची आठवण नेहमी काढली जाते, ती बहुधा खरं बोला, धर्माने वागा एवढ्यापुरती. पण पुढे ते आचार्य शिष्याला सांगतात की आमची जी चांगली आचरणं असतील तेवढीच घे, बाकीची घेऊ नकोस. केवढा मोठा गुरू असेल तो! शिष्यावरचा अधिकार संपण्याच्या दिवशी त्याने स्वतःला शिष्याच्या पारखीखाली उभं केलं. दासबोध मी त्याच पारखीने वाचतो. आमच्या पिढीने बांधलेल्या इमारतींकडे, पुलांकडे आणि आमच्या सवयींकडे तुम्हीही तसंच बघा.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवात लेखनक्रियेने होते. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षर कसं काढावं हे सांगायला एक समास दिला आहे. शाई, कागद, लेखण्या, लेखणी तासायची सुरी, सगळ्याची तयारी त्यात येते. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत असं सारखं यावं, की सगळा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही. आणि कागदाच्या भोवती जागा सोडावी. का, तर पुढे कागद झडला तर कडा झडतील, अक्षर झडणार नाही.

माझं काम समुद्रकाठच्या जुन्या इमारती दुरुस्त करण्याचं. म्हणून ही कडेची जागा मला रोज दिसते. आपण तिला कव्हर म्हणतो. तुम्हाला आकडे पाठ आहेत: आयएस ४५६ प्रमाणे साध्या हवामानात २० मिलिमीटर, किनाऱ्यावर ४५. सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये सोडलेलं एवढंच काँक्रीट. संध्याकाळी कव्हर ब्लॉक संपतात, दुकान लांब असतं, कुणीतरी सळईखाली खडीचा तुकडा सरकवतो. मग वरून चालणाऱ्यांच्या पायाखाली तो निसटतो आणि सळई फळीला टेकते. सकाळी काँक्रीट पडतं आणि त्यानंतर कुणालाही काही दिसत नाही. बिल निघतं, गिलावा होतो, घरात माणसं राहायला येतात. खारी हवा सळईपर्यंत पोचायला काही वर्षं लागतात. लोखंड गंजतं, गंजताना फुगतं, आणि खालून काँक्रीटचे पोपडे पडायला लागतात, कधी रिकाम्या खोलीत, कधी झोपलेल्या माणसाच्या अंगावर. आम्ही तिथे हातोडी घेऊन जातो तेव्हा त्या संध्याकाळी हजर असलेल्यांपैकी कुणीही तिथे नसतं. पण त्यांच्यापैकी प्रत्येकजण कसा वागला, ते छताकडे पाहून कळतं.

त्याच समासात समर्थ म्हणतात की ग्रंथ इतका जपून लिहावा की वाचणाऱ्याला त्या लिहिणाऱ्या माणसाला पाहावंसं वाटावं. क्वचित असंही घर आम्हाला उघडायला मिळतं. पन्नास वर्षांची इमारत, अगदी समुद्रासमोर, आणि आत सळई जवळजवळ नव्यासारखी. त्या वेळी मला खरोखर त्या माणसाला भेटावंसं वाटतं. त्याचं नाव कुठल्याही कागदावर सापडत नाही.

तुमच्यावर दडपण येईल. तारीख उलटते आहे, सही करून टाका, असं तुमच्याहून मोठी माणसं सांगतील. कधी त्यांचं खरंही असेल, आणि काय करावं ते सुचणार नाही. त्या उपनिषदातल्या आचार्यांनी याचीही सोय केली आहे: शंका आली तर तिथे जे विचारी, कामात मुरलेले आणि स्वभावाने रुक्ष नसलेले लोक असतील, ते कसे वागतात ते पाहा. रुक्ष नसलेले, ही अट फार मोलाची आहे. प्रामाणिक पण कडवट झालेली माणसं तुम्हाला पुष्कळ मिळतील. त्यांचा आदर करा, पण शिकायला दुसऱ्याकडे जा. बहुतेक कचेऱ्यांत असा एखादा जुना अभियंता किंवा सुपरवायझर असतो, जो आवाज न चढवता कंत्राटदाराला काँक्रीट थांबवायला सांगतो आणि दुपारी त्याच्याच बरोबर बसून डबा खातो. रुजू झाल्यावर त्याचं टेबल कुठे आहे ते आधी विचारून घ्या. यांतले बरेचजण आता निवृत्तीला आले आहेत, तेव्हा उशीर करू नका.