‘सारथ’ : पायदळाचा पोलादी सोबती

साखळीपट्ट्यांवर धावणारे कोणतेही चिलखती वाहन दिसले की सर्वसामान्य माणूस त्यास रणगाडा म्हणून मोकळा होतो. भारतीय सेनेतील ‘सारथ’ हे वाहन मात्र रणगाडा नव्हे. ते पायदळाचे वाहन होय. जवानांना ऐन रणभूमीपर्यंत सुरक्षित न्यावयाचे आणि ते खाली उतरले की आपल्या तोफेने त्यांची पाठराखण करावयाची, असे त्याचे दुहेरी कार्य आहे.

या वाहनाचे कुळ सोव्हिएत रशियातील. तेथील ‘बीएमपी-१’ हे वाहन १९६७ साली प्रथम जगापुढे आले. त्याची ७३ मिलिमीटरची तोफ फारशी उंच रोखता येत नसे. अफगाणिस्तानच्या डोंगराळ मुलुखात, कड्यावर दबा धरून बसलेल्या शत्रूपुढे हा दोष प्रकर्षाने जाणवला. ‘बीएमपी-२’मध्ये ३० मिलिमीटरची स्वयंचलित तोफ आली, ती सुमारे ७४ अंशांपर्यंत उचलता येते. जोडीला मशीनगन आणि ४ किलोमीटरपर्यंत रणगाड्याचा वेध घेणारे ‘कोंकुर्स’ क्षेपणास्त्र आहे. ‘सारथ’ ही याच वाहनाची भारतीय आवृत्ती असून तिचे उत्पादन तेलंगणातील मेदक येथील आयुधनिर्माणीत होते.

चालक, तोफची व कमांडर असे तिघे आणि सात जवान, एवढी माणसे या वाहनात बसतात. आत ऐसपैस जागा असेल, अशी कल्पना कोणी करू नये! मागील सहा जवान पाठीला पाठ लावून, गुडघे आवळून बसतात. शस्त्र मांडीशी धरून, भिंतीतील छिद्रातून ते गोळीबार करू शकतात.

या वाहनाचे खरे वैशिष्ट्य पाण्यात दिसते. पुढील फळी उभारून ते नदीत उतरते आणि साखळीपट्ट्यांच्याच जोरावर ताशी सुमारे ७ किलोमीटर वेगाने पैलतीर गाठते. रस्त्यावर हाच वेग ताशी ६५ किलोमीटर असतो. परंतु तरंगावयाचे तर वजन बेताचेच हवे. म्हणून ते सुमारे १४ टन ठेवलेले आहे, आणि त्याची किंमत चिलखताने मोजली आहे. कडेचे पोलाद पातळ आहे. साध्या रायफलीची गोळी ते अडवते, सुरुंगापुढे व रणगाडाविरोधी अस्त्रापुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही. भरीस भर म्हणजे मागच्या दारांतच इंधनाच्या टाक्या आहेत. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैनिक सुरुंगाच्या भीतीने पुष्कळदा आत न बसता छतावर बसून प्रवास करीत, यात नवल ते काय?

म्हणूनच वाहन कोठे थांबवावे, जवानांनी कोणत्या क्षणी उतरावे, याच्या शिक्षणाला फार महत्त्व आहे. १९७९ साली यांत्रिक पायदळाची स्वतंत्र रेजिमेंट उभी राहिली. तिचे प्रशिक्षण केंद्र महाराष्ट्रातच, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण तेथे हे वाहन हाकण्यास आणि त्यातून झटपट बाहेर पडण्यास शिकतात.