संगणकाच्या कारभाराचे अध्ययन

संगणकातील प्रक्रियक थोडे आणि त्यांच्याकडे येणारी कामे पुष्कळ, ही नित्याची स्थिती होय. कोणते काम आधी घ्यावयाचे, कोणास किती स्मृती द्यावयाची, फायली कोठे ठेवावयाच्या, हे ठरविणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणतात. विद्यापीठांतील संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात हा विषय आवश्यक मानला जातो. तो शिकवावा कसा, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही.

व्याख्या सांगणे कठीण नसते. दोन कामे परस्परांकडील साधनासाठी अडून बसतात. एका कचेरीने दुसरीच्या दाखल्याची वाट पाहावी, दुसरीने पहिलीच्या, आणि अर्जदार जागच्या जागी राहावा, तसाच हा प्रकार. पंचायत सदस्यांना तो निराळा समजावून सांगावा लागणार नाही! परंतु हा गुंता टाळण्यासाठी कुलपे कोणत्या क्रमाने घ्यावयाची, हे खरी आज्ञावली वाचल्यावाचून नीट उमगत नाही.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे अध्यापक जॉन लायन्स यांनी हे ओळखले होते. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी रचलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा त्यांनी 1976 मध्ये वर्गात वाचावयास घेतला. सुमारे 9,000 ओळी, एका पुस्तिकेत क्रमांकित आज्ञावली आणि दुसरीत तीवरील भाष्य, अशी ती योजना होती. मूळ ग्रंथ आणि टीका शेजारी ठेवून वाचण्याची आपल्याकडील रीत येथे सहज आठवते. एका कामावरून दुसऱ्याकडे वळण्याच्या अवघड ठिकाणी कर्त्यांनी शेरा लिहून ठेवला होता. हा भाग वाचकास समजावा अशी अपेक्षा नाही, असा त्याचा आशय. हे परीक्षेत विचारले जाणार नाही, एवढेच त्यातून सुचवावयाचे होते, असा खुलासा रिची यांनी पुढे केला. खरी अडचण ही की, त्या वेळी तो भाग कर्त्यांनाही पुरता उमगलेला नव्हता, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

1979 मध्ये सातवी आवृत्ती आली आणि मालक कंपनी ए. टी. अँड टी. हिने मूळ आज्ञावली वर्गात शिकविण्यास परवान्याद्वारे मनाई केली. लायन्स यांचे भाष्य छायाप्रतींच्या छायाप्रतींतून हातोहात फिरत राहिले. ते अधिकृतपणे प्रसिद्ध होण्यास 1996 साल उजाडावे लागले. वर्गात उरले ते बहुतांशी तत्त्वांचे विवेचन. ही हानी लहान नव्हती.

अॅमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी तिच्यावर उपाय शोधला. कंपनीची एकही ओळ न घेता त्यांनी ‘मिनिक्स’ ही लहान प्रणाली स्वतः लिहिली आणि 1987 मध्ये पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध केली. ती अभ्यासणाऱ्यांपैकी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये ‘लिनक्स’ जगापुढे आणले. लिनक्स सर्वांना खुले असले, तरी त्याचा विस्तार आता कोट्यवधी ओळींचा झाला आहे. एका सत्रात तो वाचून होणे शक्य नाही. म्हणूनच अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, जेथे लायन्स यांच्या भाष्यावरूनच अध्यापन चालले होते, तेथील अध्यापकांनी 2006 मध्ये सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ‘एक्सव्ही 6’ ही छोटी प्रणाली तयार केली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही ती अध्यापनात वापरली जाते.

कामांची पाळी लावण्याचा नियम बदलणे, प्रणालीस नवी सेवा जोडणे, असे स्वाध्याय विद्यार्थ्यांस दिले जातात. ओळ चुकली की प्रणाली वाटेतच थांबते, आणि विद्यार्थी पुन्हा छापील पानांकडे वळतो.