पर्जन्यछायेतलं वॉशिंग्टन

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल," असं मला सांगितलं होतं. अनुभव चहाच्या वेळी सांगेन. समोर भूगोलाच्या बाई बसल्या आहेत, तेव्हा मी जिथे राहते त्या राज्याचा भूगोलच सांगते.

राज्याचं नाव वॉशिंग्टन. व्हाइट हाउसवालं शहर ते वेगळं. ते दुसऱ्या किनाऱ्याकडे, इथून जवळजवळ चार हजार किलोमीटर लांब. आमचं राज्य नकाशात वर डावीकडच्या कोपऱ्यात आहे: डोक्यावर कॅनडा, डावीकडे पॅसिफिक महासागर. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण साठ टक्के. आणि २०२०च्या जनगणनेत माणसं किती? ७७ लाख. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात २०११ मध्येच ९४ लाख होती.

राज्याच्या मधून उत्तर-दक्षिण अशी कॅस्केड पर्वतरांग जाते. समुद्रावरून येणारे ओले वारे पश्चिमेकडून तिच्यावर आदळतात, वर चढतात, थंड होतात, पाऊस पाडतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. आपण वाईकर, पर्जन्यछाया म्हणजे काय ते आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. महाबळेश्वर चिंब असतं तेव्हा खाली वाईत कपडे वाळतात. तिथेही हेच, फक्त पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. सिएटल पावसाचं शहर म्हणून जगभर गाजलंय, पण तिथे वर्षाला पडतो शंभर सेंटिमीटरच्या आसपास, मुंबईच्या निम्माही नाही. तो नुसता महिनोन्‌महिने भुरभुरत राहतो. डोंगरापलीकडच्या याकिमाला मात्र जेमतेम वीस सेंटिमीटर.

या एका रेघेने माणसंही वाटली आहेत. राज्यात ३९ काउंट्या, म्हणजे जिल्हेच म्हणा. सिएटलच्या किंग काउंटीत साडेबावीस लाखांवर लोक, म्हणजे राज्यातल्या दर दहातले जवळजवळ तीन. आग्नेय कोपऱ्यातल्या गारफिल्ड काउंटीत अख्ख्या जिल्ह्यात २,३०० सुद्धा नाहीत. आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी त्याहून मोठी निघेल. पूर्वेकडच्यांना वाटतं, सिएटलवाले आपल्यावर राज्य करतात; वेगळ्या राज्याची मागणी तिथे अधूनमधून उठते. ऐकताना मला विदर्भ आठवतो.

पण पूर्वेचा तो माळ आज सगळा ओसाड नाही. कोलंबिया नदीवर १९३३ मध्ये ग्रँड कूली धरणाचं काम सुरू झालं आणि १९४२ मध्ये ते पुरं झालं. पुढे त्याच्या कालव्यांनी साडेसहा लाख एकरांवर जमीन भिजली. सफरचंद, द्राक्षं, बटाटा, हॉप्स. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त सफरचंदं या एका राज्यातून येतात. ती तोडायला माणसं मेक्सिकोतून आली, पोरंबाळं तिथेच वाढली. आज याकिमा काउंटीत निम्मे लोक हिस्पॅनिक आहेत. पूर्वेकडच्या आणखी काही काउंट्यांत त्याहून जास्त. सिएटलला बसून "हे राज्य गोऱ्यांचं आणि आम्हा आयटीवाल्यांचं" असं म्हणणाऱ्याने एकदा तिकडच्या शाळेचा पट बघावा.

आणि आमचा आयटीचा क्लाउड? तोही ढगांच्या बाजूला नाही. क्विन्सी नावाच्या लहानशा गावात, त्याच कोरड्या माळावर, मोठमोठी डेटा सेंटरं उभी आहेत, कारण कोलंबियावरच्या धरणांची वीज तिथे स्वस्त मिळते. तुमच्या फोनमधल्या फोटोंपैकी काही तिथे असणं अगदी शक्य आहे.

ग्रँड कूलीला मासे वर चढण्याची वाट ठेवली नव्हती. सामन मासा समुद्रातून नदीत उलटा पोहत येतो, अंडी घालतो. हजारो वर्षं तिथले मूळ रहिवासी केटल फॉल्स या धबधब्यावर तो मासा पकडत होते. १९४० च्या जूनमध्ये, पाणी चढण्याआधी, अनेक जमाती तिथे जमल्या आणि त्यांनी धबधब्याचा निरोप घेतला. 'अश्रूंचा समारंभ' म्हणून तो ओळखला जातो. मग धबधबा बुडाला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धोम धरण डोळ्यांसमोर आलं. पाण्याखाली जमीन गेलेल्या घरांतली मुलं आपल्याच बाकांवर बसायची. त्यांच्याकडे कुणी काय गेलं ते विचारलेलं मला आठवत नाही. धरण नको होतं असं मी म्हणत नाही. मी त्याच विजेवर पगार मिळवते. पण लोकसंख्येच्या तक्त्यात 'मूळ रहिवासी, सुमारे दीड टक्का' असा आकडा येतो तेव्हा तो इतका लहान का, हा प्रश्न भूगोलाचाच आहे. केंद्र सरकारची मान्यता असलेल्या २९ जमाती आजही या राज्यात आहेत. सिएटल हे नावसुद्धा त्यांच्याच एका प्रमुखाचं.

आपल्या लोकांबद्दलही एक गोष्ट सांगते. बेलव्ह्यू शहरात आज दहांतले चार जण आशियाई वंशाचे आहेत. वाण्याकडे हिरवी मिरची आणि ज्वारीचं पीठ दोन्ही मिळतं. पण त्याच राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये ४ सप्टेंबर १९०७ ला जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीय मजुरांना, बहुतेक शीख, मारहाण करून गावाबाहेर हाकललं. काही दिवसांत तिथे एकही भारतीय उरला नव्हता. आम्ही तिथे गणपती बसवतो तेव्हा नव्या आलेल्या मुलामुलींना मी हे सांगते. काहींना आवडत नाही. सणाच्या दिवशी कशाला, म्हणतात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता तिकडे शिकायला निघाली आहेत, त्यांना भेटायला तुम्ही याल. सिएटलचा मनोरा सगळेच बघतात. तुम्ही हमरस्ता ९० धरा आणि पूर्वेला निघा. स्नोक्वाल्मी खिंडीपर्यंत दोन्ही बाजूंना काळी हिरवी झाडी, काचेवर पाऊस. खिंड ओलांडली की झाडं विरळ होत जातात, मग संपतात. दोनेक तासांत व्हँटेजच्या पुलावर पोहोचाल. खाली कोलंबिया, आजूबाजूला नुसता खडक. तोही बेसाल्टच, आपल्या डोंगरांसारखा लाव्ह्याच्या थरांचा. सप्टेंबरात या. तेव्हा सफरचंदांची तोडणी चालू असते.