अधिट्ठान : शब्द आणि अर्थ

(वर्षावासातील व्याख्यानाचा सारांश)



आज मी एकाच शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'अधिट्ठान'. दान, शील, नेक्खम्म, पञ्ञा, विरिय, खन्ती, सच्च, अधिट्ठान, मेत्ता आणि उपेक्खा या दहा पारमितांपैकी ही आठवी. 'दृढनिश्चय' असा तिचा अर्थ सांगून आपण पुढे जातो. पण शब्द फोडून पाहिला की खरा अर्थ हाती लागतो.

'अधि' म्हणजे वर आणि 'ठा' म्हणजे उभे राहणे. संस्कृतातील 'स्था' धातू तो हाच. आपल्या मराठीतले ठाम, ठाणे, उठणे हे शब्द याच कुळातले. मराठीत 'अधिष्ठान' म्हणजे पाया, आधार. पालीत मात्र त्याच शब्दाचे पाया आणि निर्धार असे दोन्ही अर्थ होतात. म्हणजे निर्धाराला आधी उभे राहण्यासाठी जागा लागते.

याच्या शेजारी 'जिद्द' हा शब्द ठेवून पाहा. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मूळ अर्थ विरोध, उलट बाजू. हिंदीत 'जिद' म्हणजे आजही हट्ट. मराठीने त्याला चांगला अर्थ दिला, ही आपल्या भाषेची कमाई. तरीही जिद्द कोणाच्या तरी विरुद्ध पेटते; अधिट्ठान कशाच्या तरी आधारावर उभे राहते.

तो आधार कोणता? मज्झिम निकायातील धातुविभंग सुत्तात भगवंतांनी चार अधिट्ठाने सांगितली आहेत : प्रज्ञा, सत्य, त्याग आणि उपशम, म्हणजे शांती. निश्चयाच्या पायात त्यागही आहे, हे लक्षात घ्या. हट्टी माणसाला काहीच सोडवत नाही. निर्धार असलेल्या माणसाला काय सोडावे हे कळते. सिद्धार्थांनी सहा वर्षे घोर तप केले. देह झिजला, पण ज्ञान मिळाले नाही. तेव्हा त्यांनी मार्ग सोडला, ध्येय सोडले नाही. सुजातेची खीर घेतली आणि बोधिवृक्षाखाली बसले, ते बोधी मिळाल्याशिवाय न उठण्याच्या निश्चयाने.

बाबासाहेबांच्या जीवनातही हेच दिसते. २० मार्च १९२७ रोजी ते महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाची मोहोर उमटली १७ मार्च १९३७ रोजी. तब्बल दहा वर्षे! २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. वर्षानुवर्षे दार उघडले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी दार ठोठावणे थांबवले. समतेचे ध्येय तेच ठेवून वाट बदलली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षांचा काळ गेला. रागाच्या भरात केलेली घोषणा इतकी वर्षे टिकत नाही. तिच्याखाली प्रज्ञेचा आणि सत्याचा पाया होता.

आता आपल्याकडे वळू या. आपण दरवर्षी बावीस प्रतिज्ञा म्हणतो. दारू पिणार नाही, हीही त्यांत आहे. मिरवणूक संपल्यावर त्याच रात्री ती मोडली, तर घरातल्या माउलीने कोणाकडे पाहावे? मुलगी दहावीत एकदा नापास झाली म्हणून तिची शाळा बंद करून लग्न ठरवले, तर आपण बाबासाहेबांकडून काय शिकलो? अपयश आले तर अभ्यासाची पद्धत बदला. शिक्षण सोडू नका.

म्हणून माझी विनंती एवढीच. या वर्षावासात प्रत्येक घराने एकच प्रतिज्ञा निवडावी. ती का घेतली हे घरात सर्वांना समजावून सांगावे. ही झाली प्रज्ञा. स्वतःशी खोटे बोलू नये. हे झाले सत्य. तिच्यासाठी एखादी सवय सोडावी. हा झाला त्याग. आणि गाजावाजा न करता ती रोज पाळावी. हा झाला उपशम. प्रतिज्ञा तोंडाने म्हणायला दोन मिनिटे पुरतात. तिच्यावर उभे राहायला आयुष्य लागते. त्या उभे राहण्यालाच अधिट्ठान म्हणतात.

नमो बुद्धाय! जय भीम!