परवापर्यंत हिशेब तोंडपाठ होता

खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या एका आजींना बघायला मला रात्री वॉर्डात बोलावलं होतं. निरोप होता, "पेशंटला वेड लागलंय, झोपेचं इंजेक्शन लिहून द्या." आजी चादरीवरून न दिसणाऱ्या मुंग्या वेचत होत्या, सलाइनची नळी ओढत होत्या. सून रडवेली झाली होती. म्हणाली, "डॉक्टर, परवापर्यंत दुधाचा हिशेब तोंडपाठ होता हो यांना!"

माझ्यासाठी हे वाक्य मोलाचं होतं. पंचाहत्तरी उलटलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा, तेही एका रात्रीत, वेड सहसा लागत नाही. आजींना मी मराठी महिने उलटे म्हणायला सांगितले. "फाल्गुन, माघ... संक्रांतीचे तीळ आणलेस का रे?" लक्ष टिकतच नव्हतं. याला आम्ही डेलिरियम म्हणतो; जुनी माणसं 'वातात बरळणं' म्हणायची. बिघाड शरीरात होतो, गोंधळतो मेंदू. ओटीपोटाला हात लावला तर ते टणक लागलं, लघवी तुंबली होती. रक्तातलं सोडियम निदान 135 हवं, ते 121 वर आलं होतं. झोपेच्या इंजेक्शनानं गोंधळ आणखी वाढला असता आणि खरं दुखणं झाकलं गेलं असतं. लघवीची नळी घातली, सोडियम सावकाश वाढवत नेलं. घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होते. कपाटात ठेवलेला चष्मा आणि कानाचं यंत्र सुनेनं परत चढवलं, त्याचाही मोठा उपयोग झाला.

आणि हो, असे सगळेच रुग्ण आरडाओरडा करत नाहीत. काही नुसते गप्प पडून राहतात. "झोपलेत, झोपू दे," असं आपण म्हणतो, आणि नेमके तेच नजरेतून सुटतात.

त्याच आठवड्यात शेजारच्या वॉर्डात पाय मोडलेला एक चाळिशीचा गृहस्थ होता. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, दरदरून घाम, भिंतीवर किडे दिसू लागले. चित्र आजींसारखंच. केसपेपरवर लिहिलेलं, 'व्यसन नाही'. त्याच्या बायकोला व्हरांड्यात नेऊन मी विचारलं, "ताई, रोज किती घेतात?" ती बराच वेळ बोलली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "दोन क्वार्टर. सासूबाईंना सांगू नका."

म्हणजे रोजची दारू अचानक तुटल्यानं हे झालं होतं. आधी थायमिन हे जीवनसत्त्व दिलं. आणि आजींना नाकारलेलं झोपेचं इंजेक्शन त्याच्यासाठी मी ताबडतोब लिहिलं.